बिनआवाजाचे व्हिडिओ

"त्यात आवाज बंद ठेवता येतो का?" हुक्केरी सरांनी फोनवर विचारलं.

मी वहीत तीन रकाने आखून बसले होते, एकेका सॉफ्टवेअरला एक. बाकीच्यांनी काय काय विचारलं ते आधीच लिहून झालं होतं. कॉम्प्युटर अडकेल का, डेटा किती जाईल, चेहरा दिसणार असेल तर रोज दाढी करावी लागेल का. आवाज बंद ठेवण्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"तिन्हींत ठेवता येतो, सर. पण मग समजावून कसं सांगणार?"

"ड्रॉइंग वाचायला कान लागतात का, कल्याणी? बाणाने दाखवायचं. पुरे होतं तेवढं."

मी त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'आवाज नको.' पुढच्या माणसाला फोन लावला.

ही दोन हजार वीसच्या ऑगस्टमधली गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या बाजूला नेर्लेकर साहेबांचं ऑफिस आहे. पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यांना आम्ही ड्रॉइंग करून देतो. ते बघून पॅटर्नवाला लाकडी साचा करतो आणि साच्यावरून फौंड्रीत ओतकाम होतं. म्हणजे आमच्याकडे एक रेघ चुकली, की ती पुढे लोखंडात उतरते. मार्चमध्ये ऑफिस बंद झालं तेव्हा सगळ्यांचे कॉम्प्युटर टेम्पोत घालून घरोघरी पोचवले होते. मी स्वतः ड्रॉइंग करत नाही. रिसेप्शनवर लागले होते, नऊ वर्षांत बाकी सगळंच माझ्याकडे आलं.

बसवराज हुक्केरी आमच्याकडचे सगळ्यात जुने. छप्पन्न वर्षांचे. ड्रॉइंग बोर्डावर पेन्सिलीने काम करायचे तेव्हापासून साहेबांबरोबर होते. कुणीही ड्रॉइंग केलं तरी शेवटी ते तपासायचे आणि खालच्या चौकटीत 'तपासलं' या शब्दापुढे त्यांची आद्याक्षरं पडल्याशिवाय कागद बाहेर जायचा नाही. मला ड्रॉइंग वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, डब्याचं झाकण उलटंसुलटं धरून. लॉकडाउन लागल्यावर ते बायकोसह गडहिंग्लजला स्वतःच्या घरी गेले आणि तिथूनच काम करू लागले.

सॉफ्टवेअरचं काम साहेबांनी मला दिलं होतं.

"एक बदल फोनवर सांगायला चाळीस मिनिटं लागतात," ते म्हणाले, "आणि ऐकणारा निम्मंच ऐकतो. स्क्रीनचा व्हिडिओ करून पाठवायचं काहीतरी असतं म्हणे. दोन-तीन बघ. दोन आठवडे सगळ्यांना वापरायला दे आणि मला एक पान लिहून दे कुठलं घ्यायचं ते."

"बरं, साहेब."

"आणि हुक्केरींचं आधी बघ. त्यांना जमेल असंच घे."

मी तीन निवडली. पहिलं फुकट होतं. ते व्हिडिओ आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवायचं, फाइल मोठी व्हायची आणि ती पुन्हा वेगळी चढवत बसावी लागायची. दुसऱ्यात बटण बंद केलं की लगेच लिंक तयार. कोपऱ्यात बोलणाऱ्याचा चेहरा गोलात दिसायचा, आवाज स्वच्छ यायचा, आणि बघणाऱ्याला व्हिडिओच्या नेमक्या त्या सेकंदाला प्रश्न लिहिता यायचा. लिंक कुणाकुणाला उघडेल हेही ठरवता येत होतं. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग असल्यामुळे ते महत्त्वाचं होतं. तिसरं दिवसभर आपोआप स्क्रीन टिपत राहायचं. ते मी दोन दिवसांत बाद केलं. लोकांना घरात कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या आठवड्यातच दुसरं सगळ्यांना आवडलं. निलोफर मुजावरने तर एका दिवसात चार व्हिडिओ केले. ती मिरजेची, जानेवारीत लागलेली, अजून प्रोबेशनवर होती. फोनवर कुणाला सारखं विचारायला संकोचायची. व्हिडिओखाली मात्र बिनधास्त प्रश्न लिहायची.

"मॅडम, हेच घ्या," ती मला म्हणाली. "मी हुक्केरी सरांचं बोलणं तीनदा ऐकू शकेन. फोनवर तीनदा विचारलं तर बरं दिसत नाही."

हुक्केरी सरांचा व्हिडिओ मात्र येत नव्हता. लाइट गेली होती, नेट नव्हतं, माउस बिघडला होता. शेवटी दुसऱ्या आठवड्यात पहिल्या सॉफ्टवेअरमधला एक आला. साडेचार मिनिटांचा, बिनआवाजाचा. पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग होतं. मी तो व्हिडिओ पाहिला आणि काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते लगेच कळेना. पुन्हा लावला तेव्हा लक्षात आलं. सर कीबोर्डवर डाव्या हाताने इतक्या झटपट कमांड द्यायचे की माउस फारसा हलायचाच नाही. इथे बाण प्रत्येक गोष्टीसाठी वर मेनूपर्यंत जात होता, शोधत होता, परत येत होता. आणि एकेक भोक एवढं मोठं करून पाहिलं होतं की अख्ख्या स्क्रीनवर तेवढंच दिसत होतं.

नेट हळू असेल, असं मी धरलं.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला व्हिडिओ त्यांनी गुरुवारी सकाळी पाठवला. त्यात माइक मुळातच चालू असायचा, बंद करायचा असेल तर आधी बटण दाबावं लागायचं. ते दाबायचं राहिलं होतं. चेहऱ्याच्या गोलावर काहीतरी चिकटवलं होतं, गोल काळा होता. आवाज मात्र स्वच्छ होता.

"आता खाली," सर म्हणत होते. "फ्लँजची जाडी किती लिहिलीय?"

"अठरा," एका बाईंचा आवाज आला.

"अठरा की अठ्ठावीस? नीट बघ."

"अठरा हो. एकावर आठ."

"मग बरोबर. आता डावीकडे जा. तिथे सहा भोकं दिसायला हवीत. मोज."

बाई मोजू लागल्या. बाण एकेका भोकावर थांबत पुढे जात होता. "सहा," त्या म्हणाल्या. "पण हे खालचं जरा बाहेर वाटतंय मला."

"किती बाहेर?"

"वाटतंय फक्त."

"माप घे. वाटणं नको."

व्हिडिओ सहा मिनिटांचा होता. मी तो पूर्ण ऐकला. मग फोन केला. फोन काकूंनी उचलला. गिरिजाकाकू गडहिंग्लजला हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या, आदल्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या.

"काकू, व्हिडिओत आवाज आलाय."

फोनवर हात ठेवल्याचा, कुजबुजल्याचा आवाज आला आणि मग सर फोनवर आले.

"कुणी कुणी ऐकलाय?"

"मीच फक्त. साहेब शनिवारी सगळे एकदम बघणार आहेत."

"काढून टाकता येतो?"

"येतो."

नंतर त्यांनी सांगितलं ते ड्रॉइंगवरची मापं वाचून दाखवावीत तसं सांगितलं. शुगर जुनीच होती. डाव्या डोळ्यात फेब्रुवारीत रक्त उतरलं, त्याने आता उजेड तेवढा कळायचा. उजव्यात इंजेक्शनं घ्यायला बेळगावला जायचं होतं, तर राज्याची हद्द बंद झाली. जूनपासून उजव्यानेही मधलं काही दिसत नव्हतं, कडेकडेचं दिसायचं. काकूंनी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर पंधरा दिवसांत शिकून घेतलं. ते सांगायचे, त्या करायच्या.

"मार्चपासून माझ्या सहीने गेलेल्या कागदात एक तरी चूक निघालीय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"निघणारही नाही. आता दोघं तपासतो आम्ही. हिला काही समजलं नाही तर ही विचारते, आणि विचारलं की मला पुन्हा विचार करावा लागतो. पूर्वी मी एकटाच होतो."

"साहेबांना सांगितलंत तर..."

"काय सांगू? तपासनीस आंधळा आहे म्हणून?" त्यांचा आवाज चढला नाही. "दोन वर्षं राहिलीत माझी. पहिलं सॉफ्टवेअर निवड. त्यात आवाज नसला तरी कुणाला खटकणार नाही. एवढं कर."

मी करते म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. फोन ठेवला आणि व्हिडिओ काढून टाकला. शुक्रवारी अहवाल लिहायला बसले.

अहवाल एक पानाचा झाला. दुसऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मी लिहिलं की गिऱ्हाइकाची ड्रॉइंग दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर जातात, ते धोक्याचं आहे. हे खरं होतं, पण लिंकला कुलूप घालता येतं हे मी लिहिलं नाही. पुढे लिहिलं की गडहिंग्लजसारख्या ठिकाणी नेटवर आवाज तुटतो, सबब आवाजाशिवाय, फक्त बाणाने आणि खुणांनी समजावण्याची पद्धत ठेवावी. हे साफ खोटं होतं. पहिलं सॉफ्टवेअर सुचवलं. साहेबांनी फोनवर विचारलं, "आवाज अजिबातच येत नाही हुक्केरींचा?"

"तुटतो, साहेब. शब्द कळत नाहीत."

"अरेरे," ते म्हणाले. "बरं. तुझं बघून झालंय ना, मग घेऊन टाक."

सप्टेंबरपासून आम्ही बिनआवाजाचे व्हिडिओ करू लागलो. बाकीच्यांना कुरकुर करायला फार जागा नव्हती, ते एकमेकांना फोन करून विचारायचे. हुक्केरी सरांचे व्हिडिओ सुबक असायचे. लाल बाण, पिवळा गोल, आधीचं माप, नंतरचं माप. काकूंचा हातही बसत चालला होता. फळ्यावर लिहावं तसं एकाखाली एक यायचं सगळं.

दसऱ्याच्या आधी निलोफरचा मला फोन आला.

"मॅडम, सरांच्या व्हिडिओत आवाज का नसतो? बाकी कुणाला विचारलं तर म्हणतात कल्याणी मॅडमना विचार."

"माइक खराब आहे त्यांचा."

"व्हॉल्व्हच्या बॉडीचा बदल आहे. तोंडाची बाजू बदलायचीय. त्यांनी मॉडेल फिरवून दाखवलंय, पण कुठून बघतोय तेच कळत नाही मला. सरांना फोन करू का?"

सरांना तिचा फोन गेला की काय व्हायचं ते मला कळलं होतं. बोलता बोलता सर अडकायचे, 'थांब हं' म्हणून फोनवर हात ठेवायचे. काकूंनीच एकदा मला सांगितलं होतं, मुलगी हुशार आहे, तिला संशय येईल.

"सारखा फोन नको करूस त्यांना," मी म्हणाले. "तब्येत बरी नसते. व्हिडिओ दोन-तीनदा बघ, कळेल."

"पाचदा बघितलाय, मॅडम."

"मग तुला वाटतंय तसं कर आणि तपासायला पाठव. चुकलं तर सर सांगतीलच."

तिने तसं केलं. ड्रॉइंग तपासायला गेलं, 'तपासलं'पुढे आद्याक्षरं पडून परत आलं, पॅटर्नवाल्याकडे गेलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फौंड्रीतून सव्वीस बॉडी ओतून आल्या. सगळ्यांचं तोंड उलट्या बाजूला होतं. व्हॉल्व्ह बसवला तर पाइप भिंतीत जाईल असं. गिऱ्हाइकाच्या माणसाने फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली होती, हे कुणी केलं.

तोवर ऑफिस अर्धं उघडलं होतं. निम्मी माणसं मास्क लावून यायची. साहेबांनी निलोफरला मिरजेहून बोलावून घेतलं. मी केबिनमध्ये फाइल घेऊन उभी होते. हुक्केरी सर फोनवर होते, स्पीकर चालू होता.

"व्हिडिओ बघितला होतास?" साहेबांनी तिला विचारलं.

"हो, सर."

"त्यात तोंड कुठल्या बाजूला ते दाखवलं होतं?"

"दाखवलं होतं, सर. सांगितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"मॉडेल खालून धरून दाखवलं होतं. खालून बघतोय हे कुठे लिहिलं नव्हतं. मी वरून धरलं." तिने फोनकडे पाहिलं. "आणि सरांनी तपासून पाठवलं, म्हणून मला वाटलं बरोबर असेल."

साहेब फोनकडे बघून म्हणाले, "हुक्केरी?"

मग सर म्हणाले, "नजरेतून सुटलं असेल, साहेब."

निलोफर माझ्याकडे बघत होती. तिचा मला फोन आला होता हे तिथे दोघींनाच माहीत होतं. ती काही बोलली नाही. मी फाइल धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिचं प्रोबेशन संपवलं. पत्र मीच टाइप केलं. 'कामातील गंभीर चुकीमुळे' हे शब्द साहेबांनी सांगितले, मी लिहिले. गिऱ्हाइकाला त्याची एक प्रत गेली. निलोफरने कॉम्प्युटर परत पाठवला तेव्हा त्याच्या वायरी नीट गुंडाळून रबर लावलं होतं. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी, कुठली कशाची ते लिहिलेली.

त्या चिठ्ठ्या काढता काढता मी उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दुपार होती, ते चहा घेत होते. मी बसले नाही. सुरुवातीपासून सांगितलं. आवाजाचा व्हिडिओ, काकू, अहवाल, निलोफरचा फोन. माझं संपल्यावर त्यांनी कप बशीत ठेवला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"हुक्केरींना दिसत नाही ते. जून-जुलैपासून. एकतीस वर्षं त्या माणसाचं ड्रॉइंग बघतोय मी. तो माप नेहमी रेघेच्या जरा वर, उजवीकडे सरकवून टाकतो. एक दिवस मापं बरोबर मधोमध यायला लागली. मधोमध कोण टाकतं? मास्तर." ते किंचित हसले, आणि लगेच थांबले. "मी काही बोललो नाही. म्हटलं, सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल. त्यांनी तपासलेलं प्रत्येक ड्रॉइंग मी त्यांच्यामागून बघत होतो. रोज. फक्त ऑक्टोबरात दहा दिवस मला ताप होता, वेगळ्या खोलीत पडून होतो, तेव्हा नाही बघता आलं. त्यातच हे गेलं."

मी उभीच होते.

"तुला सॉफ्टवेअर बघायला सांगितलं ते कशासाठी वाटलं तुला?" त्यांनी विचारलं. "फोनचा वेळ वाचवायला? त्या माणसाला उद्या काहीच दिसलं नाही, तरी त्याच्या डोक्यात काय आहे ते त्याच्या तोंडून राहावं म्हणून. त्याचा आवाजच तर हवा होता मला. तू लिहिलंस, आवाज येत नाही. म्हटलं, नशीब. तेवढ्यासाठी माणसाला उघडं पाडायचं कशाला?"

"मग निलोफरला का काढलंत? तुम्हाला तर सगळंच..."

"गिऱ्हाइकाला एक नाव हवं होतं," साहेब म्हणाले. "हुक्केरींचं देऊ?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता, पॅटर्न घेऊन जायला आलेला. मी जाऊन त्याची सही घेतली.

साहेबांनी त्या संध्याकाळी हुक्केरी सरांना फोन केला. काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. पण पुढच्या सोमवारी आम्ही दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. सर आता सरळ बोलायचे, काकू मध्ये प्रश्न विचारायच्या, ते उत्तर द्यायचे. तपासायचं काम साहेबांनी स्वतःकडे घेतलं. मार्चमध्ये सर मुदतीआधीच निवृत्त झाले, त्याआधी त्यांनी त्र्याहत्तर व्हिडिओ केले. आजही नवीन माणूस लागला की आम्ही आधी ते बघायला देतो. काकूंचा आवाज त्यात इतका आहे की एकाने मला विचारलं होतं, या मॅडम कुठल्या कॉलेजात शिकवतात.

निलोफरला साहेबांनी डिसेंबरमध्ये परत बोलावलं होतं. का, ते न सांगता, नुसतं "परत ये" म्हणून. ती नको म्हणाली.

तिला फोन करायला मला फेब्रुवारी उजाडला. आधी दोन-तीनदा नंबर लावून मी तोडला होता. तिने उचलला.

"बोला, मॅडम."

मी साहेबांना सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. ती मध्ये मध्ये "हं" म्हणत होती. मशीनवर काहीतरी घासल्याचा आवाज मागून येत होता. तिचे वडील मिरजेत सतारी करतात, भोपळे कापून कोरायचं काम त्यांचं. घरातच कारखाना.

"म्हणजे मी फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"सरांना दिसत नाही, ते तपासू शकत नाहीत, हे माहीत असून तुम्ही म्हणालात, चुकलं तर सर सांगतील."

"हो."

"तीन ठिकाणी मुलाखत दिली. तिघांनीही विचारलं, तिथून का निघालात. एकाने तर ऑफिसला फोन लावला. तुम्हीच उचलला असेल."

मीच उचलला होता. डिसेंबरमध्ये. 'पत्रात आहे तेच कारण,' असं मी सांगितलं होतं. तेही तिला सांगितलं.

"अब्बांशी बोला," ती एकदम म्हणाली. "मी सांगितलं तर ते म्हणतील पोरगी स्वतःची बाजू सांगतेय. तुम्ही सांगा."

मशीनचा आवाज थांबला. फोन हातातून हातात गेला. मुजावर काकांचा आवाज हळू होता. मी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं, त्या दिवसातलं दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा जरा कमी शब्दांत झालं.

"बाई," ते म्हणाले, "आमच्यात भोपळा चुकीचा कापला गेला तर कुणी कापला ते गल्लीला माहीत असतं. लपत नाही. तुमच्याकडे कागदावर चालतं. तर मग कागद द्या."

"कसला?"

"चूक हिची नव्हती, एवढं लिहून. सहीनिशी. ती दाखवेल नाहीतर नाही दाखवणार, तिची मर्जी. पण घरात असू दे."

मी देते म्हणाले.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ऑफिसच्या कागदावर नको. गिऱ्हाइकापर्यंत जाईल." मग थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "तुला द्यायचं तर दे. मी काही म्हणणार नाही."

मी साध्या फुलस्केपवर हाताने लिहायला घेतलं. पहिलं वाक्य झालं, 'श्री. हुक्केरी यांच्या व्हिडिओत आवाज नसल्यामुळे कु. निलोफर मुजावर यांचा गैरसमज झाला.' वाचलं. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. आणि गैरसमज तिचाच ठरत होता. कागद फाडला. दुसऱ्या कागदावर 'मी' या शब्दाने सुरुवात केली. 'मी, कल्याणी मगदूम, व्हिडिओत आवाज ठेवू नये असा खोटा अहवाल दिला.' पुढे तिचा फोन, माझं उत्तर, तारीख. हुक्केरी सरांच्या डोळ्यांबद्दल एक शब्द लिहिला नाही. त्याशिवायही ते पुरेसं होत होतं, हे लिहिल्यावर कळलं. खाली सही, पूर्ण पत्ता, फोन नंबर. झेरॉक्स ठेवली नाही.

पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

आठ-दहा दिवसांनी पोचपावती आली. तिच्यावर निलोफरची सही होती, मराठीत, पूर्ण नावाची. त्यापलीकडे तिच्याकडून आजवर काही आलेलं नाही. एप्रिलमध्ये इचलकरंजीच्या एका कारखान्यातून फोन आला. मुजावर नावाच्या मुलीबद्दल विचारत होते, तुमच्याकडे होती का, कशी होती.

"होती," मी म्हणाले. "काम चोख करायची."

"मग सोडलं का?"

"तिने सोडलं नाही," मी म्हणाले. "लिहून घेता का? सांगते."